खून थांबेल गं, पेरणी थांबत नाही

अगं, आधी बस आणि तो चहा गार व्हायच्या आत पी. कादंबरी बाराव्या प्रकरणावर अडकलीय, दिवाळी अंकाच्या संपादकांचा दुसरा फोन येऊन गेलाय, दोडक्याच्या बिया वाटीत भिजत पडल्यात आणि वांग्याची रोपं ट्रेमध्ये लांबुडकी होऊन एकमेकांवर रेललीत. त्यात खुनी कोण तेच अजून ठरलेलं नाही म्हणतेस. ठरेल गं. खुनी आपल्या जागी बसून राहतो, त्याला कुठली गाडी गाठायचीय? मृगाचे दिवस मात्र कुणासाठी थांबत नाहीत.

खरं सांगू का, तुझं गणित एकाच ठिकाणी चुकतंय. तू रोजच्या रोज समतोल साधायला बघतेस. सकाळी दोन तास लेखन, संध्याकाळी एक तास बाग, असा तक्ता करून फ्रीजवर चिकटवलायस, मागच्या खेपेला पाहिला मी. रंगीत पेनांनी छान केलायस. काढून टाक. बागेला रोज सारखा वेळ लागत नाही आणि कादंबरीलाही लागत नाही. वर्षातले काही पंधरवडे दोघींनाही तू अख्खी हवी असतेस आणि एरवी तू जवळपास असलीस तरी त्यांचं भागतं. ते पंधरवडे एकमेकांवर आदळू द्यायचे नाहीत, एवढंच आपल्याला बघायचंय.

हा तक्ता तुला कुठून सुचला तेही मला ठाऊक आहे. रेक्स स्टाउटचा तो धिप्पाड नीरो वुल्फ! १९३४ सालच्या पहिल्या कादंबरीपासून त्याचा नेम ठरलेला. सकाळी नऊ ते अकरा आणि दुपारी चार ते सहा हा माणूस न्यूयॉर्कच्या घराच्या गच्चीवर, काचघरात, आपल्या ऑर्किडांपाशी. खाली अशिलाने जीव टाकला तरी हा वेळेआधी उतरायचा नाही. वाचायला फार मस्त वाटतं. पण बघ, त्याच्या घरात फ्रिट्झ नावाचा स्वयंपाकी होता, थिओडोर नावाचा माळी होता आणि बाहेरची धावपळ करायला आर्ची होता. तुझ्याकडे कोण आहे? कुकरच्या शिट्ट्या तूच मोजतेस ना? मग. आणि आपल्या बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, हेही मला ऐकवू नकोस. त्यांच्या घरी कुंड्यांना पाणी कोण घालत होतं ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

तर आजपासूनचा पंधरवडा बागेचा. लिहायचं नाही म्हणजे नाही. फार हात शिवशिवले तर वही काढून चार ओळी टिपून ठेव, पण लॅपटॉप उघडू नकोस. संपादकांना तूच फोन कर आणि सांग, कथा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात देते. तारीख आपण सांगावी, त्यांनी सांगायची वाट बघत बसू नये. एकदा ती कॅलेंडरवर लिहिली की निम्मी धडधड तिथेच थांबते.

मग बाह्या वर कर. प्रत्येक कुंडीचं तळाचं भोक मोकळं आहे का ते आधी बघ. जुनी माती आणि मुळं बसून ते बंद झालेलं असतं आणि जुलैत कुंडीचं डबकं होतं. कुंड्यांखाली विटा सरकव, म्हणजे गच्चीवरचं पाणी वाहून जाईल आणि खालच्या मजल्यावरच्या काकू छत ओलं झालं म्हणून वर येणार नाहीत. बशा काढूनच टाक, पावसात त्यांचा उपयोग फक्त डासांना. माती उकरून त्यात कंपोस्ट मिसळ, वांग्याची रोपं संध्याकाळच्या वेळी लाव आणि वेलांना आत्ताच मांडव कर. वेल वर चढल्यावर मांडव करायला गेलीस तर शेंडे मोडतील.

आणि ऐक, दोडका एक, कारलं एक, काकडी एक. बस. बिया सगळ्या उगवतात म्हणून सगळ्या लावायच्या नसतात. मी एका वर्षी मायेने दोडक्याचे सगळे वेल ठेवले आणि श्रावणात बिल्डिंगभर दोडके वाटत फिरले. लिफ्टमध्ये मला बघून लोक जिन्याने जायला लागले होते. तुझ्यासारख्या लिहिणारीनं खरं तर हळद लावावी. आता कंद मातीत घातला की पानं पिवळी पडेपर्यंत, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत, ती तुला हाक मारत नाही. मध्ये पातोळ्यांना पानं मिळतात ती वेगळीच. अळू, गवती चहा, कढीपत्ता ही सगळी तशीच शहाणी मंडळी. टोमॅटो मात्र लाडावलेलं कार्टं आहे. कादंबरी चालू असताना एकाच झाडाचे लाड पुरवता येतात, हे लक्षात ठेव.

आता पुढची गंमत बघ. आपलं मराठी प्रकाशनाचं वर्ष आणि आपला पाऊस यांचं चांगलं जमतं. १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकांचा आषाढ-श्रावण या अंकांच्या नावावर लिहिलेला आहे. आणि नेमकं त्याच दिवसांत पाणी घालायचं काम आभाळ करतं. जूनची लावणी नीट झाली असेल तर पुण्याच्या जुलैमध्ये बागेला तू फार तर आठवड्यातून दोनदा हवीस. बाहेर काळोखी आलेली, खिडकीवर सरी, लाइट कधी जाईल सांगता येत नाही, रहस्यकथा लिहायला याहून बरं काय हवं? म्हणून त्या दिवसांत आधी लेखन, मग बाग. सकाळी उठून सरळ टेबलाशी बस. गच्चीवर गेलीसच तर दार उघडून बघ आणि परत ये.

पावसाळ्यातली बागेची कामं थोडी, पण रात्रीची. जेवणं झाल्यावर टॉर्च घेऊन गोगलगायी वेच. दिवसा त्या कुंडीच्या बुडाशी लपतात, त्यामुळे पानं कोण खातंय ते सकाळी कळत नाही. मीठ टाकू नकोस गं, माती खराब होते. जुन्या डब्यात गोळा कर. संततधार असेल तर खत घालायच्या फंदात पडू नकोस, सगळं वाहून खालच्या नळीत जातं. आणि कोवळी रोपं बुडाशी काळी पडून आडवी व्हायला लागली तर ते कोलमडणं आहे. पाणी साचतंय, एवढंच त्यातून समजायचं. ट्रे आडोशाला घे आणि ऊन पडलं की पुन्हा पेर. रडत बसू नकोस. जुलैत एक संध्याकाळ झेंडूची रोपं करायला दे, दसऱ्याला तोरणापुरती फुलं घरची निघतात.

आता जरा आपल्या धंद्याचं बोलू. लोक तुला भाषणात सांगतील की बी पेरणं आणि कथेत धागा पेरणं सारखंच. ऐकायला गोड आहे, सोडून दे. बागेचा रहस्यकथेला होणारा उपयोग त्याहून पक्का आहे. झाडं वेळ पाळतात आणि खोटं बोलत नाहीत. पारिजातक घे. कळ्या संध्याकाळनंतर उमलतात आणि पहाटे फुलं गळतात. त्या झाडाखाली प्रेत सापडलं, तर फुलं प्रेताच्या अंगावर पडलीत की अंगाखाली चिरडलीत, यावरून माणूस पहाटेच्या आधी तिथे होता की नंतर आणून टाकला ते कळतं. हा धागा मी तुला फुकट देतेय, वापर. ब्रह्मकमळ रात्री उमलतं आणि सकाळपर्यंत मान टाकतं. शेजारपाजार ते बघायला जमतो, फोटो निघतात. उमललेल्या ब्रह्मकमळाबरोबरचा फोटो ‘सकाळी दहाला काढला’ असं कुणी सांगितलं, की तो मनुष्य खोटारडा. गुलबक्षी दुपार कलल्यावर उघडते. कुंडी हलवली की खाली कोरडं वर्तुळ राहतं. तुझ्या गच्चीवर अख्खा पोलीस पंचनामा पडलाय आणि तू शेरलॉकच्या मालिका बघून धागे शोधतेस!

अगाथा ख्रिस्तीने हेच केलं. १९४० सालची ‘सॅड सायप्रेस’ वाचलीस का? त्यात एक पात्र म्हणतं, मनगटावरचा ओरखडा गुलाबाच्या काट्याने झाला. आणि पुढे कळतं की तिथला वेलीगुलाब ‘झेफिरीन द्रुएँ’ जातीचा, बिनकाट्याचा! कोणाचं मनगट ते सांगत नाही, नाहीतर शिव्या घालशील मला. पण असा धागा बागेत हात घातलेल्या बाईलाच सुचतो. त्याच बाईने १९३८ साली डेव्हनमध्ये डार्ट नदीकाठचं ग्रीनवे नावाचं घर घेतलं, भोवती मोठी बाग आणि खाली नदीवर बोटहाउस. १९५६च्या ‘डेड मॅन्स फॉली’मध्ये प्रेत सापडतं ते तसल्याच बोटहाउसमध्ये. स्वतःच्या बागेत प्रेत टाकायला तिला काही वाटलं नाही, मग तुला गच्चीवरच्या टाकीमागे टाकायला काय हरकत आहे?

याच्या उलटही होतं हं. माझ्या एका कथेत शेवंतीच्या बहरलेल्या वाफ्यात सुरा सापडला होता आणि महिना होता मे. मे महिन्यात शेवंती! एका आजोबांचं पोस्टकार्ड आलं, कथेबद्दल अवाक्षर नाही, फक्त ‘आपली शेवंती कोणत्या जातीची? मलाही हवी आहे.’ तेव्हापासून मी बागेची वही ठेवते. पहिला पाऊस कधी आला, काय कधी फुललं, कुठल्या महिन्यात ऊन कुठल्या भिंतीपर्यंत येतं, एवढंच. दिवसाला एखादी ओळ. तूही ठेव. डिसेंबरच्या प्रकरणात काय फुलवायचं असा प्रश्न पडला की वही उघडायची.

विषांचं विचारलं होतंस. बघ, तू विषाची कादंबरी लिहितेस म्हणून नर्सरीतून कण्हेर आणि धोत्रा घरी आणायची काहीएक गरज नाही, तुझा लेक अजून सगळं तोंडात घालतो. कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, धोत्रा, एरंडाच्या बिया, गुंजा, श्रावणात सुंदर दिसणारी कळलावी, ही सगळी आपल्याच कुंपणांवर आणि माळरानांवर उभी आहेत. बघायची तर तिथे जाऊन बघ आणि हात धू. बाकी पुस्तकातून वाच. ख्रिस्तीला विषं कळली ती पहिल्या महायुद्धात टॉर्कीच्या रुग्णालयात औषधं देण्याचं काम करताना. तिच्या पहिल्या कादंबरीत, १९२० सालच्या ‘स्टाइल्स’मध्ये, स्ट्रिक्नीन आहे. आणि ते कशातून निघतं माहितेय? कुचल्याच्या बीतून. आपल्या कोकणात काजरा म्हणतात त्याच झाडाच्या. म्हणजे इंग्लंडमधला तो गाजलेला खून आमच्या आजोळच्या कुंपणापाशी उगवला असता! मला हे कळलं तेव्हा मी उगीच अभिमानाने दोन दिवस हिंडत होते. एक मात्र पाळ, कथेत विषाचं नाव आणि परिणाम खरे असू देत, पण ते काढायचं कसं आणि किती द्यायचं ते कधी लिहू नकोस. वाचकाला भीती पुरते, पाककृती लागत नाही.

नवरात्र ते दिवाळी या दिवसांबद्दल मी फार बोलणार नाही. घरात तुझं काय होतं ते मला माहितेय. अंकाची मुद्रितं आलीच तर रात्री तपासून पाठव. बागेत पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरच्या मध्याला, गुलाबाची छाटणी कर. मन घट्ट करून कर, नंतर साधारण सहा-सात आठवड्यांनी फुलं येतात. मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर तेव्हाच टाक. धणे रगडून दोन दळं करून पेरायचे, एवढं तुझ्या सासूबाईंना नक्की माहीत असेल. त्यांनाच पेरायला सांग. खरंच सांग. त्यांना वाटतं तू त्यांना बागेत हात लावू देत नाहीस.

सगळ्यात जपायचं ते हिवाळ्यात. लोकांना वाटतं उन्हाळा लेखिकेचा शत्रू. चूक. उन्हाळ्यात माणूस निमूट घरात बसतं. डिसेंबरमध्ये मेथी तरारलेली, शेवंती ओसंडलेली, ऊन कोवळं, आणि तू ‘जरा मावा बघून येते’ म्हणून गच्चीवर जातेस ती जेवायच्या वेळी खाली येतेस. आणि मनात वर अपराधीपणा, आज एक ओळ झाली नाही. तर त्या दिवसांत नवं प्रकरण लिहायचंच नाही असं ठरव. खर्डा कागदावर छापून घे, गच्चीवर खुर्ची टाक आणि उन्हात बसून काटाकाट कर. पुनर्लेखनाला फार मोठी शांतता लागत नाही, तीक्ष्ण डोळा लागतो, आणि पानामागचा मावा शोधून शोधून तो आलेलाच असतो. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला जाऊ दोघी. तिथे तू एकही रोप घेणार नाहीस. मी घेतलं तर मलाही थांबवायचं.

नव्या कादंबरीची योजनाही हिवाळ्यातच कर, आणि ती करताना खुरपं हातात असू दे. निंदणी करताना गाठी सुटतात हा माझा पक्का अनुभव आहे. पाणी घालताना नाही सुटत. तेव्हा आपण कुठली कुंडी झाली आणि कुठली राहिली याच हिशेबात असतो. निंदताना हात चालू, डोकं मोकळं. सुचलेलं फोनवर बोलून ठेवायचं, मातीच्या हातांनी लिहायला जाऊ नये. फक्त पाठवायचं बटण दाबू नकोस. मी एकदा खुरप्याशी बसून म्हटलं, ‘मंगळवारी देऊ या, सासूबाई गावाला गेल्या की, म्हणजे कुणाला संशय येणार नाही’, आणि ते गेलं आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. सासूबाईही त्या ग्रुपवर आहेत. मंगळवारी त्या गावाला गेल्याच नाहीत.

उन्हाळा मात्र तुझा. फाल्गुन उतरला की बाग आटप. पालेभाज्यांच्या कुंड्या रिकाम्या कर, माती उन्हात तापू दे. जी झाडं टिकायची ती भिंतीच्या सावलीत एकत्र सरकव, वर हिरवी जाळी ताण, मातीवर वाळलेल्या पाल्याचा जाड थर घाल. मग सकाळी ऊन चढायच्या आत एक पाणी, संध्याकाळी एक पाणी, एवढंच. मोगरा तेव्हाच भरात असतो आणि त्याला ऊनच हवं असतं, त्याची काळजी नको. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण दिसला तर संध्याकाळी निंबोळी अर्क फवार. दुपारी बारा ते चार दार लोटून, पंखा लावून पहिला खर्डा लिही. आख्खा. बाराव्या प्रकरणात जे अडकलंय ना, ते तिथे सोडवत न बसता तेराव्यात जा. पुढे खुनी सापडला की मागे येऊन बाराव्यात त्याला हवं ते ठेवता येतं. रहस्यकथेचं हे बरं असतं, शेवट कळला की सुरुवात बदलायला आपण मोकळ्या.

आता तू म्हणशील, उन्हाळ्यात शाळेला सुट्टी, नणंदेची मुलं येणार, आंबे, वाळवणं. हो, येणार. कुरडया-पापड विकत आण. हो, मीच सांगतेय, जिच्या गव्हाच्या चिकाच्या कुरडया तुम्ही सगळे मिटक्या मारत खाता. मीही ज्या वर्षी कादंबरी असते त्या वर्षी विकत आणते आणि डबा आपला वापरते. कुणाला कळत नाही. मुलं आली की संध्याकाळचं पाणी त्यांच्यावर सोपव. दोन कुंड्या बुडतील, एक कोरडी राहील, चालतं. दुपारी मात्र दाराला हात लावायचा नाही, हे पहिल्याच दिवशी सांग, आणि हसत नको सांगूस. हसत सांगितलं की ते तुझं काम आहे असं कुणालाच वाटत नाही.

कारण खरी अडचण तिथेच आहे, कळतंय मला. ‘तू घरीच असतेस ना’ हे वाक्य. बागेत दिसलीस तर लोकांना तू मोकळी वाटतेस आणि टेबलाशी दिसलीस तर रुसलेली. नवऱ्याला वाटतं गच्चीवर जाऊन यायला वेळ आहे, मग बँकेत जायला का नाही? त्याच्याशी भांडत बसू नकोस. कॅलेंडरवर लाल पेनाने पंधरवडे आखून दे. हा बागेचा, हा लेखनाचा, हा घराचा. ज्या पंधरवड्यात घराची पाळी आहे त्यात तू मनापासून घरची हो, रवा भाज, बँकेत जा, कुठे जाऊन ये. मग पुढच्या पंधरवड्यात ‘नाही’ म्हणताना तुझा आवाज कापत नाही. आमच्याकडे ह्यांना हे पटायला काही वर्षं लागली, तुझा नवरा माझ्या मते लवकर समजेल, तो मुळात ऐकणारा आहे.

रोज म्हणशील तर एकच गोष्ट पाळ. सकाळचा चहा घेऊन बागेत एक फेरी मार, पण हात रिकामे. कात्री नाही, खुरपं नाही, पाण्याची झारी नाही. फक्त बघून ये. एक पिवळं पान काढायला वाकलीस की दहा वाजलेच म्हणून समज. कीड दिसली, वेल सुटला, सगळं मनात टिपून ठेव आणि त्याच्या त्याच्या वेळी कर. झाडं एका दिवसात मरत नाहीत गं. आणि मेलंच एखादं, तर मेलं. तुझ्याकडे कुंड्या किती आणि त्यातल्या किती तू आवडीने बघतेस, ते मोज. ज्यांच्याकडे बघताना फक्त ओझं वाटतं त्या कुणाला तरी देऊन टाक. अर्धवट सोडलेल्या कथांचंही तसंच कर. दोन चांगल्या ठेव आणि बाकीच्यांची फाइल बंद कर. हे मी तुला प्रेमाने सांगतेय, पण सांगतेय हुकूमच.

कार्यक्रमाला किंवा संमेलनाला गावाला जायचं झालं तर समोरच्या काकूंना किल्ली दे, कुंड्या आदल्या दिवशी सावलीत एकत्र कर आणि कागदावर लिहून ठेव, कुणाला किती पाणी. तोंडी सांगू नकोस, काकू दयाळू आहेत आणि दयाळू माणसं निवडुंगालाही बादलीभर पाणी घालतात. परत आल्यावर जे जगलंय ते त्यांच्यामुळे जगलं असं म्हण आणि जे गेलंय त्याचं नाव काढू नकोस. कादंबरी छापून आली की पहिली प्रत त्यांना दे. किल्ली परत देताना त्या विचारतीलच खुनी कोण. सांगायचं नाही हं.